गुलाबी न झालेला खांब

अंबरनाथच्या आमच्या जुन्या इमारतीत जिन्याखाली, विजेच्या मीटरांशेजारी, एक खांब आहे. त्याच्यावर वर्षानुवर्षं गणपतीच्या वर्गणीचे हिशेब, पाणी येणार नसल्याच्या सूचना आणि केबलवाल्याचे नंबर चिकटत आले. २०२२च्या जानेवारीत एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आला. त्याने त्या खांबाचं प्लास्टर हातभर फोडलं, आतल्या काँक्रीटवर बाटलीतून पाण्यासारखं काहीतरी फवारलं आणि जमलेल्या आम्हा सगळ्यांना म्हणाला, "आता बघा."

आम्ही बघत राहिलो. काहीच झालं नाही.

"गुलाबी व्हायला हवं होतं," तो म्हणाला.

शाळेच्या प्रयोगशाळेतलं फिनॉल्फ्थॅलिन तुम्हाला आठवत असेल. अल्कलीत टाकलं की गुलाबी होतं. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्यामुळेच आतल्या सळ्यांना गंज चढत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो आणि हा गुण बाहेरून आत असा संपत येतो. तो सळईपर्यंत संपला की तिथे पाणी आणि हवा पोचताच गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. आपल्याला दिसणारे छताचे पोपडे आणि खांबाच्या उभ्या भेगा ही या गोष्टीची फार उशिरा आलेली बातमी असते.

महिन्याभराने अहवाल आला. सी-२ए. धोकादायक इमारतींच्या चार वर्गांपैकी हा दुसरा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची. सी-२बी असेल तर माणसं आत राहत असतानाही दुरुस्ती होऊ शकते. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी.

त्या रविवारी गच्चीवर सगळे जमले. कुणी म्हणालं, अठ्ठावीस वर्षं काही झालं नाही, आता काय होतंय? कुणी म्हणालं, दुसऱ्या इंजिनिअरला दाखवू, हा घाबरवतोय. दुसऱ्या मजल्यावरचे काका बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "ऑडिट केलंच नसतं, तर हा प्रश्नच आला नसता."

सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य गेली काही वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही. माहीत करून न घेणं हा आपला हक्क आहे, की गुन्हा?

एका रात्रीत कळलेला शब्द

आम्ही ऑडिट केलं ते शहाणपणाने नव्हे, भीतीने. २८ मे २०२१च्या रात्री शेजारच्या उल्हासनगरात, कॅम्प २मध्ये नेहरू चौकाजवळ, साईसिद्धी इमारतीच्या पाचव्या मजल्याचा स्लॅब खाली आला. खालचे स्लॅब सोबत घेत तो तळापर्यंत गेला. सात माणसं मेली. त्याआधी जेमतेम दोन आठवडे, १५ मे रोजी, कॅम्प १मधल्या मोहिनी पॅलेसचा स्लॅब असाच कोसळला होता आणि तिथेही माणसं गेली होती. लॉकडाऊनचे दिवस, सगळे घरातच.

आमच्या घरात एक नवा शब्द तेव्हा आला. उल्वा रेती. नव्वदच्या दशकात रेतीची टंचाई असताना इथल्या बांधकामांत ही निकृष्ट रेती सर्रास वापरली गेली, असं त्या दिवसांत सगळीकडे बोललं जात होतं. आमची इमारत १९९४ची. आईने बाबांना विचारलं, "आपली कुठल्या रेतीची आहे?" बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

कायदा याबाबत काय म्हणतो? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार तीस वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं मालकाची किंवा रहिवाशांची जबाबदारी आहे. नगरपरिषदांच्या कायद्यातही तशीच तरतूद आहे. पण साईसिद्धी सव्वीस-सत्तावीस वर्षांची होती. म्हणजे नियमाच्या वयात ती अजून तरुण होती. तीस हा आकडा गृहीत धरतो की बांधताना सिमेंट, सळई, रेती सगळं ठीक होतं. जिथे बांधणीच्या दिवशीच खोट होती, तिथे हा आकडा उलट खोटा धीर देतो.

उल्हासनगरात तर इमारत कागदावर आहे की नाही हाच मोठा प्रश्न. २००३च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या ८५५ बेकायदा इमारती पाडायचे आदेश दिले. हजारो कुटुंबं रस्त्यावर येणार म्हणून २००६मध्ये राज्य सरकारने खास उल्हासनगरसाठी बांधकामं नियमित करण्याचा कायदा आणला. माणुसकीच्या बाजूने पाहिलं तर तो चूक म्हणता येत नाही. पण दंड भरून कागद बदलतो, रेती बदलत नाही. आणि ज्यांनी दंडच भरला नाही, त्यांचा कागदही बदलला नाही.

जहाजाचा मालक

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७मध्ये 'द एथिक्स ऑफ बिलीफ' नावाचा निबंध लिहिला. त्याची सुरुवात एका जहाजमालकाच्या गोष्टीने होते. जहाज जुनं आहे, मुळात फार नीट बांधलेलंही नाही, बऱ्याचदा दुरुस्त केलेलं आहे. देश सोडून निघालेली कुटुंबं त्यातून जाणार आहेत. मालकाला शंका येते, पण दुरुस्ती महाग. मग तो स्वतःला समजावतो: इतक्या वादळांतून ते सुखरूप आलंय, याही वेळी येईल. देव आहे. बांधणाऱ्यांवर उगाच संशय कशाला घ्यायचा? हळूहळू त्याचा खरोखरच विश्वास बसतो. जहाज बुडतं. तो विम्याचे पैसे घेतो.

क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता हे खरं, पण तो विश्वास बाळगायचा त्याला हक्कच नव्हता. कारण तो तपास करून आलेला नव्हता, शंका दाबून आलेला होता. आणि पुढचा मुद्दा जास्त टोचणारा आहे. समजा, जहाज बुडलं नसतं तर? तरी तो तेवढाच दोषी. माणसं वाचली हे त्याचं नशीब, त्याचं पुण्य नव्हे.

आमच्या गच्चीवरची सगळी वाक्यं या गोष्टीत आहेत. अठ्ठावीस वर्षं काही झालं नाही. देवाची कृपा. बिल्डर ओळखीचा होता. क्लिफर्डच्या हिशेबाने काकांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: विचारायची वेळ आली असताना न विचारणं हाच दोष, मग इमारत पडो न पडो.

काही ठिकाणी हे उत्तर अगदी चपखल बसतं. ४ एप्रिल २०१३ला मुंब्र्याजवळ शीळ इथली लकी कंपाऊंडमधली इमारत पडली, ७४ माणसं मेली. काही महिन्यांत मजल्यावर मजले चढले होते. बिल्डरांबरोबर महापालिकेचे अधिकारीही अटक झाले. मजल्यांवर मजले काही रात्रीतून गुपचूप चढत नाहीत. ते न दिसण्यासाठी मान वळवावी लागते.

२०१७मध्ये घाटकोपरची साईदर्शन इमारत पडून १७ जण गेले, तेव्हा तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होतं. २० मे २०२५ला कल्याण पूर्वेत सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम सुरू असताना स्लॅब कोसळला, सहा जण गेले. माझ्या घराची फरशी माझी, पण तिच्या खालचा स्लॅब खालच्याचं छप्पर असतो. 'माझ्या घरात मी काय करतो याच्याशी तुम्हाला काय?' हे वाक्य इमारतीत राहणाऱ्या माणसाला बोलताच येत नाही.

मालकही आत बसलेला असेल तर

पण गच्चीवरच्या माणसांना क्लिफर्डच्या मालकाच्या शेजारी बसवताना माझा हात अडखळतो. तो मालक किनाऱ्यावर राहिला होता. आमचे काका त्याच जहाजात झोपतात, नातीला कुशीत घेऊन. त्यांना विम्याचे पैसे मिळणार नाहीत. त्यांच्या हाती आयुष्यभराची कमाई म्हणून तीच एक खोली आहे.

शंका दाबून टाकणारा प्रत्येक माणूस लोभी नसतो. काहींना माहीत करून घेणं परवडत नाही. सी-२ए कळल्यावर करायचं काय? भाड्याने जायचं तर भाडं आणि डिपॉझिट कुठून आणायचं? एकदा घर सोडलं की परत मिळेल का? पुनर्बांधणीला द्यायचं तर सोसायटी नोंदलेली नाही, जमीन नावावर नाही, नकाशात जेवढे मजले आहेत त्याहून जास्त उभे आहेत. अशा माणसाला 'डोळे उघड' म्हणणं सोपं आहे. उघडल्यावर समोर नुसती भिंत असेल, तर तो ते मिटून घेणार.

म्हणून मला नोटिशीचाही विचार करावासा वाटतो. पावसाळ्याआधी दरवर्षी धोकादायक इमारतींच्या याद्या निघतात, नोटिसा चिकटतात: इमारत तत्काळ रिकामी करावी, दुर्घटना घडल्यास जबाबदारी रहिवाशांची राहील. तिचा पहिला अर्धा भाग इशारा आहे, दुसरा अर्धा हात झटकणं आहे. ज्याला जायला जागा नाही त्याला 'मी सांगितलं होतं' असं म्हणून ठेवल्याने सांगणाऱ्याचं काम संपतं, राहणाऱ्याचं काहीच बदलत नाही.

क्लिफर्डने निबंध लिहिला त्या काळात ब्रिटनमध्ये अशा मोडक्या, पण भरपूर विमा उतरवलेल्या जहाजांना 'शवपेटी-जहाजं' म्हणत. करार केलेला खलाशी धोकादायक जहाजावर चढायला नाही म्हणाला, तर त्याला तुरुंगात टाकत. त्याला धोका पक्का माहीत असे, सुटका नसे. सॅम्युएल प्लिमसोल या खासदाराने वर्षानुवर्षं आवाज उठवला, तेव्हा १८७६च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भाराची खूण सक्तीची झाली. खलाशाने जास्त सावध राहावं, असं प्लिमसोलने सांगितलं नाही. त्याने मालकाला बांधायचा प्रयत्न केला.

आपल्याकडे तर याचं उदाहरण दारातच आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सुमारे लाखभर सिंधी निर्वासित आले. बराकींतून त्यांची सोय झाली आणि १९४९मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आजही तिथले पत्ते कॅम्पच्या नंबराने सांगतात. त्या बराकी काही सुखाच्या नव्हत्या. पण 'इथून निघा' याच्या पुढे 'तिकडे जा' म्हणणं नुकत्याच स्वतंत्र झालेल्या गरीब देशाला जमलं होतं. त्याच शहरात आज नोटीस हातात घेऊन माणूस विचारतो, निघू, पण जाऊ कुठे?

तपासणीचा खरा अर्थ मला इथे दिसतो. कुणा एकाला झेपणार नाही अशी गोष्ट सगळ्यांनी मिळून माहीत करून घेणं आणि ती कळल्याचा भारही मिळून उचलणं. पहिला भाग केला आणि दुसरा सोडला, तर माणसं पहिलाही भाग होऊ देत नाहीत. काकांचं वाक्य तिथून येतं.

भाडं

आता माझी गोष्ट पूर्ण करतो, कारण इथवर मी स्वतःला फार स्वस्तात सोडलंय.

त्याच वर्षी आम्ही कर्ज काढून बदलापूरला नव्या इमारतीत गेलो. अंबरनाथच्या इमारतीला टेकू लागले, पॅच प्लास्टर झालं, रंग झाला. रिकामी करून करायची दुरुस्ती झाली नाही. आमची खोली आम्ही भाड्याने दिली. खानदेशातून आलेला एक मुलगा, आनंदनगर एमआयडीसीत कामाला, बायको आणि लहान मुलगी. आम्ही त्यांना अहवालाबद्दल सांगितलं नाही. बाबा म्हणाले, "त्यांनी विचारलं नाही."

म्हणजे आम्ही आता किनाऱ्यावर होतो. आणि जहाज चालू होतं.

दोन पावसाळे गेल्यावर मी त्याला फोन केला. म्हणालो, "एक सांगायचं राहिलं होतं. आपल्या इमारतीला नोटीस आहे."

"माहीत आहे दादा," तो म्हणाला. "खाली चिकटवलेली वाचली ना मी. म्हणून तर भाडं परवडलं."

मला हायसं वाटलं. त्याला माहीत होतं, त्याने स्वतः निवडलं होतं. पण त्या हायसं वाटण्याचाच मग मला संशय आला. त्याच्यापुढे दुसरी कुठली निवड होती? कमी भाडं ही त्याच्या धोक्याची किंमत होती आणि ती आम्ही त्याला देत नव्हतो, उलट तोच दर महिन्याला आम्हाला पैसे पाठवत होता. आमच्या नव्या घराच्या हप्त्याचा एक तुकडा त्याच्या मुलीच्या डोक्यावरच्या स्लॅबमधून येत होता.

घरात वाद झाला. बाबा म्हणाले, "आपण नाही दिली तर शेजारचा देईल." ते खरंही होतं. शेवटी आम्ही डिपॉझिट परत केलं, वर दोन महिन्यांचं भाडं दिलं, जागा शोधायला वेळ दिला. खोलीला कुलूप लागलं. मला वाटलं, आपण सुटलो.

सामान हलवायच्या दिवशी मी मदतीला गेलो. त्याने उल्हासनगरात, एका जुन्या पाच मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली होती. टेम्पोतून कपाट उतरवताना आम्ही जिन्याखाली दम खायला थांबलो. त्याने खांबाकडे, मीटरच्या पेटीकडे, भिंतीकडे नजर फिरवली.

"इथे काही कागद नाही चिकटवलेला," तो म्हणाला. "हे बरं झालं दादा."

मी वॉचमनला विचारलं, इथे ऑडिट कधी झालं होतं. तो म्हणाला, इथे असलं काही झालेलं नाही.

खांबाला खालपासून वरपर्यंत ताजा ऑइल पेंट होता. आम्ही कपाट उचललं आणि वर निघालो.