पुस्तकाला दिलेला आवाज

छापील पुस्तक वाचणाऱ्याला एक स्वातंत्र्य असते, आणि ते इतके अंगवळणी पडलेले असते की त्याची जाणीवही त्याला सहसा होत नाही. 'मी त्याला पैसे दिले नाहीत' हे साधे वाक्य घ्या. 'मी'वर जोर दिला तर पैसे दुसऱ्या कुणीतरी दिले असावेत. 'त्याला' ह्या शब्दावर दिला तर ते दुसऱ्याच कुणाच्या हाती पडले असावेत. आणि 'पैसे' ह्या शब्दावर दिला तर पैशांऐवजी आणखी काही दिले गेले असावे. कागदावर ही तिन्ही वाक्ये एकच दिसतात. त्यांतले कोणते खरे, हे वाचक मागचापुढचा संदर्भ पाहून मनाशी ठरवितो आणि चुकला तर चार ओळी मागे जाऊन पुन्हा वाचतो. लेखक आणि तो, ह्या दोघांमध्ये तिसरे कुणी बसलेले नसते.

ध्वनिपुस्तकात तो तिसरा माणूस येऊन बसतो. जोर कोठे द्यायचा, कोठे थांबायचे, कोणते वाक्य हसत म्हणायचे आणि कोणते कोरडेपणाने, हे तो ठरवितो. ऐकणाऱ्याच्या कानी पडते ते हे ठरविलेले. आपल्याकडे त्याला अभिवाचक म्हणतात. चांगल्या अभिवाचकाने पुस्तक उजळते आणि वाईटाने ते बिघडते, हे सर्वांना मान्य आहे. परंतु हा केवळ गोड आवाजाचा किंवा कसबाचा प्रश्न आहे, असे आम्हांला वाटत नाही. दुसऱ्याच्या वतीने काही ठरविण्याचा अधिकार ज्याच्याकडे येतो त्याच्यावर कर्तव्येही येतात, आणि ती पाळली न गेल्यास कुणाचे तरी काही हिरावले जाते.

संत ऑगस्टीन ह्यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या सहाव्या भागात मिलानचे बिशप संत अॅम्ब्रोस ह्यांच्या वाचनाचे वर्णन केले आहे. त्यांचे डोळे पानांवरून फिरत, मन अर्थ शोधीत असे; आवाज आणि जीभ मात्र स्वस्थ असत. असे मुक्याने का वाचीत असावेत, ह्याबद्दल ऑगस्टीन तर्क करतात. मोठ्याने वाचले असते तर जवळ बसलेला एखादा जिज्ञासू श्रोता अवघड जागी अडून अर्थ विचारता झाला असता, आणि त्यात वेळ गेला असता, असा त्यांचा एक तर्क आहे. हा तपशील आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. त्या काळी मोठ्याने वाचणारा आणि ऐकणारा एकाच खोलीत असत. ऐकणारा हात वर करून 'थांबा, हे कळले नाही' असे म्हणू शके. ध्वनिमुद्रणाने आवाज तेवढा ठेवला आणि ती खोली काढून घेतली. श्रोत्याला आता फार तर मागे जाता येते, पण मागे गेल्यावरही तोच जोर, तोच उसासा पुन्हा ऐकू येतो. मुद्रित आवाज प्रश्नाला उत्तर देत नाही.

सर्वांच्याच बाबतीत हे सारखे गंभीर नाही. प्रवासात वेळ जावा म्हणून पुस्तक ऐकणाऱ्याचे वाचन बिघडले तर तो घरी येऊन छापील प्रत उघडील. परंतु बोलकी पुस्तके मुळात ज्यांच्यासाठी जन्मली त्यांना ही सोय नव्हती. ब्रिटनमध्ये १९३५ साली अंधांसाठी ध्वनिमुद्रित पुस्तकांची सेवा सुरू झाली, त्यामागे पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांचा विचार होता. मोठ्या वयात अंधत्व आलेल्या पुष्कळांना ब्रेलचे उठाव बोटांनी ओळखणे जमत नसे. अशा माणसाला तबकडीवरचा आवाज हेच संपूर्ण पुस्तक होते. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ह्या संस्थेनेही पुढे बोलक्या पुस्तकांचे ग्रंथालय चालविले.

ब्रिटनमधील त्या पहिल्या पुस्तकांत अॅगाथा ख्रिस्ती ह्यांची 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड' ही १९२६ सालची कादंबरी होती. ही निवड कुणी विचारपूर्वक केली की लोकप्रियता पाहून, कोण जाणे. परंतु अभिवाचकाच्या कर्तव्याची ह्याहून कठीण परीक्षा आम्हांला सुचत नाही. ती कथा गावातला एक डॉक्टर सांगतो. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांचा आनंद आम्ही हिरावून घेणार नाही. एवढेच सांगतो की डॉक्टरांच्या अगदी साध्या, कामकाजी वाक्यांत पुष्कळ काही दडलेले आहे, आणि शेवट कळल्यावर तीच वाक्ये पुन्हा वाचली असता निराळीच दिसतात. आता वाचून दाखविणाऱ्याची अवस्था पाहा. शेवट ठाऊक नसताना तो वाचू लागला, तर ज्या वाक्याला अगदी नेमके वजन हवे ते तो घाईने उरकून टाकील. शेवट ठाऊक असताना वाचू लागला, तर आपल्याला ठाऊक आहे हे दाखविण्याचा मोह त्याला होईल. आवाज किंचित खाली येईल, एक विराम जास्त लांबेल, आणि लेखिकेने शेकडो पाने सांभाळलेले रहस्य पहिल्या तासातच फुटेल. त्याला सर्व ठाऊक हवे, आणि त्याच्या आवाजाला मात्र ह्या क्षणी कथेत जेवढे उघड झाले आहे तेवढेच ठाऊक हवे. हा संयम नटाच्या संयमाहून वेगळा आहे. त्याची आम्हांला सुचणारी जवळची तुलना दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याशी आहे.

मराठी श्रोत्याला येथे एक अडचण आहे, आणि ती आपल्या श्रीमंतीतून आलेली आहे. मोठ्याने सांगण्याच्या आपल्या परंपरा थोर आहेत. कीर्तन सोडूनच देऊ. पण व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार ह्यांचे कथाकथन गावोगाव गाजले, आणि पु. ल. देशपांडे ह्यांच्या आवाजात ज्यांनी 'अंतू बर्वा' ऐकला त्यांना तो छापील पानावर वाचतानाही त्याच आवाजात ऐकू येतो. परंतु ही मंडळी स्वतःचे लेखन सांगत होती. इंग्लंडात चार्ल्स डिकन्स ह्यांनीही १८५८ पासून स्वतःच्या कादंबऱ्यांचे भाग रंगमंचावर वाचून दाखविले. त्यासाठी ते आपल्याच मजकुराची काटछाट करून खुणा केलेल्या वेगळ्या प्रती तयार करीत. स्वतःच्या घराची भिंत पाडायला कुणाची परवानगी लागत नाही. दुसऱ्याच्या घरात राहायला आलेल्याने तेच केले तर?

आपल्या पुष्कळ ध्वनिपुस्तकांत नेमके हेच होते. कथाकथनाची ऐट दुसऱ्याच्या पुस्तकावर चढविली जाते. 'श्यामची आई' हे साने गुरुजींचे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. ते मुळातच सांगण्याच्या रूपात आहे. श्याम एकेका रात्री आपल्या आश्रमातल्या सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. सांगताना श्यामचे डोळे भरून येतात हे खरे, पण ते कोठे भरून येतात हे गुरुजींनी लिहून ठेवले आहे. जेथे लिहिलेले नाही तेथे अभिवाचकाने गहिवरण्याचे कारण काय? पहिल्याच रात्री कंठ दाटून आला आणि पाठीमागे बासरी वाजू लागली, की आईच्या अखेरच्या दिवसांपर्यंत पोचताना त्याच्याजवळ शिल्लक काय उरणार?

आमच्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. मधुमेहाने त्यांची दृष्टी गेली. मुलाने फोनवर ऐकण्याची सोय करून दिली तेव्हा त्यांनी हौसेने एक पुस्तक लावले आणि अर्ध्या तासात बंद केले. कारण विचारता म्हणाले, "हा बाबा माझ्याआधीच रडतो. मग मी काय करू?" साहित्यशास्त्रातले मोठाले शब्द न वापरता मास्तरांनी नेमका दोष सांगितला. रडायचे की नाही हे ठरविण्याचा त्यांचा हक्क दुसऱ्याने वापरून टाकला होता. आणि ते त्या पुस्तकाची छापील प्रत उघडू शकत नव्हते.

संत बेनेडिक्ट ह्यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीचे ३८ वे प्रकरण भोजनाच्या वेळी वाचणाऱ्या बंधूसंबंधी आहे. हाती येईल ते पुस्तक उचलून कुणीही वाचू लागू नये. आठवडाभरासाठी एकाची नेमणूक व्हावी. आणि सर्वांनी पाळीपाळीने नव्हे, तर ऐकणाऱ्यांच्या पदरी काही पडेल असे जे वाचू शकतात त्यांनीच वाचावे, असे त्यात आहे. (वाचण्यापूर्वी त्याला थोडा द्राक्षरस द्यावा, असेही आहे, उपाशीपोटी वाचणे जड जाईल ही त्यामागची माया.) पण सर्वांत बोलकी गोष्ट ही, की आठवड्याच्या आरंभी त्या वाचकाने सर्वांना आपल्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती करावयाची, ती देवाने आपल्याला गर्वापासून दूर ठेवावे म्हणून. आवाज फुटू नये, उच्चार चुकू नयेत, ह्यांसाठी नव्हे. मोठ्याने वाचणाऱ्याला नेमका कोठला धोका आहे, हे त्या ज्ञानी पुरुषाने ओळखले होते. सारी सभा गप्प बसलेली असते आणि आपलाच आवाज घुमत असतो. शब्द दुसऱ्याचे आहेत ह्याचा विसर पडायला तेवढे पुरते.

मग अगदी सपाट, निर्विकार वाचावे काय? असे म्हणणारे आहेत, आणि त्यांची बाजू हलकी नाही. अनेक अंध व्यक्ती संगणकावरील मजकूर यंत्राच्या आवाजात ऐकतात, आणि तोही अशा वेगाने की डोळसाला एक शब्द कळू नये. त्या आवाजात भाव नसतो, म्हणूनच तो त्यांना सोयीचा वाटतो. भाव ते स्वतः घालतात. परीक्षा उद्यावर आलेल्या अंध विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तक आजच हवे असते, आणि यंत्र ते आजच देते. २०२३ च्या जानेवारीत अॅपल कंपनीने तर संगणकनिर्मित आवाजात वाचलेल्या कथा-कादंबऱ्याही बाजारात आणल्या. मास्तरांना आम्ही यंत्राविषयी विचारले तेव्हा ते म्हणाले, "वाईट वाचते, पण आगाऊपणा करीत नाही."

तरीही हे उत्तर आम्हांला पुरेसे वाटत नाही. आरंभीच्या वाक्याकडे पुन्हा पाहा. 'मी', 'त्याला', 'पैसे' ह्यांपैकी कशावरही जोर न देता ते उच्चारले, तर चौथाच एक अर्थ निघतो, आणि तो लेखकाचा असेलच असे नाही. निर्विकार वाचन निःपक्षपाती असते हा भ्रम आहे. शिवाय आपली लिपी सर्व काही सांगत नाही. 'जरा' म्हणजे थोडेसे आणि 'जरा' म्हणजे वार्धक्य, ही दोन्ही कागदावर एकच; 'ज'चा उच्चार कोणता करायचा हे अर्थ कळल्यावाचून कळत नाही. अर्थ न समजता वाचणारा माणूस येथे अडखळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे न अडखळता चुकीचे वाचून पुढे जातो. आवाज चढवून सांगणाऱ्याने श्रोत्याचा हक्क घेतला, तर ह्याने त्याला काही दिलेच नाही. त्याला पुस्तक आधी अखेरपर्यंत वाचण्याची तसदी घ्यायची नव्हती, एवढेच. मानधन पानांच्या किंवा तासांच्या हिशोबाने मिळते आणि आधीच्या वाचनाचे कुणी देत नाही, ही त्याची बाजूही आम्ही जाणतो. पण त्याची भरपाई अंध श्रोत्याने का करावी?

राहिला बोलींचा प्रश्न, आणि तो आम्हां वसईकरांच्या जिव्हाळ्याचा आहे. सामवेदी, वाडवळ, आगरी आणि कोळी मंडळींची बोली एकमेकींहून किती वेगळी आहे हे येथल्या शेंबड्या पोरालाही कळते. ध्वनिपुस्तकात मात्र शहराबाहेरचे कुणीही बोलू लागले की एकच ठरीव गावठी हेल लागतो. तोंडात सुपारी धरल्यासारखा, आणि बोलणारा मंदबुद्धी असल्यासारखा. कादंबरीत त्या बाईने आपल्या मेलेल्या मुलाविषयी बोलावे आणि ऐकणाऱ्याला हसू यावे, ह्याला कला कसे म्हणावे? ज्याला ती बोली येत नाही त्याने आपल्या नेहमीच्या उच्चारात ते शब्द सरळ वाचावेत. बोली शब्दांत आहे. लेखकाने ती तेथे ठेवलेलीच आहे.

ह्या दृष्टीने लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' वाचून दाखविणे आम्हांला सर्वांत अवघड वाटते. १९३४ ते १९३६ ह्या काळात प्रसिद्ध झालेल्या ह्या आत्मकथेत वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकापायी झालेले घराचे हाल आहेत, १८९५ साली पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरची ताटातूट आहे. आणि हे सारे ज्या वाक्यांत सांगितले आहे त्यांच्या कडेला कोठेतरी हसू आहे. तिला विनोदी म्हातारी केले तर दुःख जाते. दुःखी नायिका केले तर लक्ष्मीबाई जातात. धर्मोपदेशिका केले तर दोन्ही जातात.

मास्तरांना सध्या ते पुस्तक त्यांची नात संध्याकाळी वाचून दाखविते. कॉलेजात शिकणारी मुलगी आहे, आवाज बारीक, आणि मध्येच जांभयाही देते. जुना शब्द आला की ती अडते. मग मास्तर तिला थांबवून अर्थ सांगतात, आणि कधीकधी म्हणतात, "ते मागचे वाक्य पुन्हा वाच बाई, पण ह्या वेळी 'मी'वर जोर देऊ नकोस."