कट-ऑफ चुकला तर?

आजचं चिंतन : गीता, अध्याय 6, श्लोक 37 ते 43.

फुल-डिस्टन्स ट्रायथलॉन म्हणजे 3.8 किमी पोहणं, 180 किमी सायकल आणि त्यावर 42.2 किमी धावणं. हौशी खेळाडू नोकरी सांभाळून, पहाटे उठून कित्येक महिने तयारी करतो. शर्यतीला मुदत साधारण 17 तासांची. ती दोन मिनिटांनी हुकली, तरी निकालात नावापुढे डीएनएफ, म्हणजे शर्यत अपूर्ण.

अर्जुनाची भीती नेमकी हीच आहे. श्रद्धा आहे, पण प्रयत्न कमी पडले आणि वाटेतच राहिलो, तर फाटलेल्या ढगासारखी गत होईल का? ना इकडचा, ना तिकडचा?

भगवंत मायेने त्याला ‘तात’ म्हणतात आणि सांगतात, असं होत नाही. हा साधक पुढच्या जन्मीही आधीची समज घेऊन येतो आणि तिथूनच पुढे निघतो.

सराव थांबवला, की काही आठवड्यांत शरीराचा दम उतरतो. केलेलं नाम मात्र वजा होत नाही.

म्हणून आठ दिवस पारायण बंद पडलं असेल, तर ‘आता कुठे परत पहिल्यापासून’ म्हणून सोडू नका. आज झोपण्याआधी एक माळ करा. जिथे राहिलं, तिथूनच.