सल्ला आणि गल्ला

आम्ही तालुक्याच्या गावात कृषी सेवा केंद्र चालवणारी माणसे. डॉक्टर औषध लिहून देतो आणि ते विकतो दुसराच. आमच्याकडे मात्र दोन्ही कामे एकाच माणसाची. शेतकरी कपाशीचे आकसलेले पान काउंटरवर ठेवतो आणि विचारतो, "भाऊ, काय मारू?" सल्ल्याचे पैसे नाहीत, नफा बाटलीवर. मग त्या सल्ल्याची नियत कोणी तपासायची?

त्यातून माल उधारीवर. कापूस विकला की पैसे. आमची बाकी डोक्यावर असलेला माणूस दुसऱ्या दुकानात जाऊन विचारणार तरी कसा? देणे आमच्याही डोक्यावर असते, वितरकाचे. पण त्याचा भार शेतकऱ्याच्या रानावर का पडावा?

बाटलीवर लाल त्रिकोण असला की विष सर्वांत जहाल. मग पिवळा, निळा, हिरवा. कीटकनाशक कायदा १९६८ पासून आहे. तरीही २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. कायदा परवाना पाहतो, बिलबुक पाहतो. काउंटरवर काय बोलले गेले, ते त्याला ऐकू येत नाही.

विश्वासाने सोपवलेल्या वस्तूला आपण अमानत म्हणतो. ते पानही अमानतच. त्यावर माव्याबरोबर ढालकिडे दिसले, तर "हे मावा खातात, दोन-चार दिवस थांबून पुन्हा बघा," असे सांगून गिऱ्हाईक रिकाम्या हाती परत पाठवावे लागते. त्या वेळी गल्ल्यात काही पडत नाही. आमच्या इमानाचा हिशेब मात्र तिथेच होतो.