खुराड्याची कडी

कोंबडी आजारी पडली की मोहल्ल्यात पहिला सल्ला येतो तो सुरीचा. "जीव जायच्या आत हलाल करून टाका, नाहीतर मुर्दार होईल." सल्ला देणारे निर्दय नसतात. गरिबाच्या घरात ते एका वेळचे सालन असते. ते उकिरड्यावर कशाला जाऊ द्यायचे, असा साधा हिशेब असतो. शरियतचा आधारही त्याला आहे. मरणाच्या दारातल्या जनावरात जीव असताना जबह झाले तर ते हलाल ठरते. पण हलाल आहे म्हणून ते करावेच, असे थोडेच आहे? तलाकही हलालच आहे.

नाशिकच्या वडाळा गावात आमच्या अंगणात चार-पाच गावरान कोंबड्या असतात. त्यातल्या एकीने पावसाळ्यात दाणा सोडला आणि डोळे मिटून कोपरा धरला. पशुवैद्यकांनी तपासून औषध लिहून दिले आणि नळीने कसे भरवायचे तेही दाखवले. मेडिकलमध्ये तान्ह्या बाळांसाठी मिळते ती फीडिंग ट्यूब आणि सुई काढलेली सिरिंज, एवढेच सामान. एकाने जुन्या ओढणीत गुंडाळून धरायचे, दुसऱ्याने चोच उघडायची. जिभेच्या मुळाशी दिसणारे छिद्र श्वासनळीचे. तिकडे नळी गेली तर कोंबडी जागीच गुदमरते, म्हणून तिच्या उजव्या अंगाने नळी हळूहळू मानेच्या बुडाशी असलेल्या दाण्याच्या पिशवीपर्यंत सरकवायची. त्याआधी ती पिशवी चाचपून बघायची. मागचे पचले नसेल तर वर काही घालायचे नाही. भरवायची ती पेजही कोमटच हवी, कारण कोंबडीचे अंग आपल्यापेक्षा गरम, ४१ अंशांच्या आसपास असते. तोंडात पाणी चढताना दिसले की लगेच थांबायचे.

शेजारपाजारचे हसले. एवढी खिदमत माणसाची करा म्हणाले. त्यांच्या या म्हणण्यामागे खरा प्रश्न आहे. जी आज ना उद्या देगचीत जायची, तिचा आपल्यावर हक्क तो कसला?

मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपल्याकडे पोरासोरांना पाठ असते. पण वाजात तिच्यातून फक्त रहम काढला जातो. त्या बाईचा गुन्हा नीट पाहावा. तिने मांजराला खायला घातले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधायला मोकळेही सोडले नाही. म्हणजे जबाबदारी निघते ती कोंडण्यातून. ज्याने खुराड्याला कडी लावली, त्याने त्या जिवाची दुसरी सगळी दारे बंद केली. आता दाणा पोचवणे त्याच्याकडे आले. तेराव्या शतकातले दमास्कस आणि कैरोचे फकीह इझ्झुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी तर जनावरांचे हक्क मोजून लिहिले. जनावर म्हातारे किंवा आजारी होऊन काही उपयोगाचे उरले नाही, तरी त्याचा खर्च मालकाने करावा, असे त्यांचे म्हणणे. अंडी देणे बंद झाले म्हणून हक्क संपत नाही. गायीगुरांसाठी नाशकात पांजरपोळ आहे. कोंबडीला मात्र तिचा मालक सोडून कोणी नाही.

तरीही नळीबद्दल एक शंका राहतेच. कोंबडीने चोच मिटली, हे तिचे "नको" तर नसेल? आम्ही ते बळाने उघडतो. बरे होण्याची उमेद असेपर्यंत ही जबरदस्ती चालते, असे आम्हाला वाटते. आपल्याला हरायचे नाही म्हणून नळी चालू राहिली की तो रहम राहत नाही. खेळ म्हणून कोंबडी बांधून तिच्यावर नेम धरणाऱ्या पोरांची गोष्ट बुखारी शरीफमध्ये आहे. जिवाला असे निशाण करू नये, ही रसूलुल्लाहांची मनाई त्या प्रसंगी हजरत अनस यांनी सांगितली. आपल्या जिद्दीसाठी जीव लांबवणे त्या खेळापासून फार दूर नाही. तसे वाटले तर धारदार सुरीच भली. मात्र तेव्हा ती तिची सुटका म्हणून चालवायची. औषधे पोटात गेलेल्या आजारी कोंबडीचे सालन हा हिशेब त्यात आणायचा नाही.

आणखी एक मर्यादा शेजाऱ्यांच्या हक्काची. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच खानदेशात, नवापूरला सापडला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, पोल्ट्रीतल्याही आणि घरांतल्याही. २०२१ मध्ये नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली. एक कोंबडी मलूल होणे वेगळे आणि धडाधड मरू लागणे वेगळे. तशा वेळी ओढणीत घेऊन बसू नये, सरकारी दवाखान्याला कळवावे. त्या दिवसांत ज्यांनी आपल्या हातांनी खुराडी रिकामी करून दिली, त्यांना बेरहम म्हणायची आमची हिंमत नाही.

आमची कोंबडी आठव्या दिवशी स्वतः दाणा टिपू लागली. पण घरातल्या धाकटीने जे विचारले ते अजून मिटलेले नाही. हिला आपण नळीने जगवले आणि जुम्याला भद्रकालीतून दुसरी कापून आणली, ती आजारी नव्हती कशावरून? खाण्याची इजाजत आहे, तिला अटी आहेत, असे आम्ही सांगितले. ते खरेच आहे. पण सहा आठवड्यांत दोन किलोची केलेली, हजारोंच्या गर्दीत वाढलेली ती पांढरी ब्रॉयलर. तिच्या खुराड्याची कडी कोणी लावली, असे धाकटीने पुढे विचारले. पोल्ट्रीवाल्याने, म्हणून आम्ही वेळ मारून नेली असती. पण त्याला ती आमच्याच जुम्यासाठी लावावी लागते, हे तिला कळायचे वय झाले आहे.