पोकळ डबा

नालासोपारा पूर्वेकडून पेल्हार किंवा वसई फाट्याच्या दिशेने हायवेला लागलात की गॅरेजांची रांग सुरू होते. पिकअप गेलेली, मागून सडक्या अंड्यांचा वास मारणारी, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेली जुनी गाडी तिथे नेली, की मेकॅनिक स्कॅनर लावतो. कोड येतो पी-०४२०. म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गॅरेजच्या भाषेत ‘कॅट’, नीट काम करत नाहीये. मग तो दोन रस्ते सांगतो. कंपनीचा नवा कॅट, ज्याचा आकडा पाच अंकी असतो. किंवा, ‘अंदर से खाली कर देते हैं, पिकअप भी बढेगा.’ डबा कापायचा, आतली जाळी काढून टाकायची, वरून वेल्डिंग. बाहेरून बघणाऱ्याला कळतही नाही. खर्च मजुरीपुरता. कधी तोही नाही, कारण आतला माल मेकॅनिक ठेवून घेतो.

दुसरा रस्ता निवडणारा माणूस काही वाईट करतो का?

‘अर्थातच करतो’ असं म्हणणं सोपं आहे, विशेषतः ज्याची गाडी वॉरंटीत आहे त्याला. पण कर्जाच्या हप्त्यावर घेतलेली तिसऱ्या हाताची वॅगनआर टूरवर चालवणाऱ्या माणसाला नवा कॅट म्हणजे महिन्याची कमाई. गाडी उभी राहिली तर हप्ता थांबत नाही. आणि समोरून डंपर काळा धूर सोडत जात असतो. त्याला नीतीचे धडे देण्याआधी तो डबा नेमकं काय करतो ते बघू.

आत चिनीमातीची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम या धातूंचा अगदी पातळ थर. गरम धूर त्यातून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या इंधनाची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड होतो, आणि नायट्रोजनची ऑक्साइडं मोडून साधा नायट्रोजन बाहेर पडतो. जाळी तापली की विषारी वायूंपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त भाग इथेच संपतो. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला. त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आणावं लागलं, कारण शिशाने कॅट मरतो. २००० साली शिशाचं पेट्रोल देशातूनच गेलं. आज आपल्याला मिळणारी हवा वाईट आहे खरी, पण ती याहून वाईट नाही याचं थोडं श्रेय या डब्याला आहे.

आता नेहमीचा युक्तिवाद: माझ्या एकट्याच्या गाडीने असा काय फरक पडतो?

सकाळी आठच्या सुमाराला नालासोपारा स्टेशनवर चर्चगेट लोकलमध्ये चढून बघा. दारात लटकलेला प्रत्येक जण हेच म्हणत असतो, ‘एक माणूस वाढला तर काय होतंय?’ आणि प्रत्येकाचं म्हणणं सुटं पाहिलं तर खरं असतं. शेवटच्या माणसामुळे आतल्या कुणाच्याही बरगडीवर मोजता येईल इतका दाब वाढत नाही. तरीही वसई येईपर्यंत आतल्या बाईचा श्वास कोंडतो. डेरेक पारफिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९८४च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या पुस्तकात हीच चूक दाखवली आहे: मी केलेली इजा जाणवण्याइतकी नाही म्हणून ती इजाच नाही, असं धरून चालणं. आपण सगळे मिळून काय करतो आहोत, हेही प्रत्येकाने विचारायला हवं असं त्याचं म्हणणं.

लोकलची उपमा मात्र एका ठिकाणी तुटते, आणि ती कॅट काढणाऱ्याच्या विरोधात तुटते. लोकलमध्ये वाढलेला माणूस एकच असतो. कॅट नव्वद टक्के विष अडवत असेल, तर तो काढलेली एक गाडी कॅटवाल्या दहा गाड्यांएवढं विष सोडते. म्हणजे एकट्याने फरक पडत नाही हे गणितातही बसत नाही. आणि हे विष आभाळात जात नाही. तुळींज रोडच्या ट्रॅफिकमध्ये ते मागच्या रिक्षावाल्याच्या आणि शाळेतून घरी चाललेल्या पोरांच्या नाकाच्या उंचीवर सुटतं. वाचलेले पैसे कुणीतरी भरतोच, फक्त त्याला विचारलेलं नसतं.

तरी मला त्या टूरवाल्याची बाजू सोडून द्यावीशी वाटत नाही. कॅट हळूहळू मरतो. पहिल्या मालकाने अंधेरीत की ठाण्यात पाच-सहा वर्षं गाडी वापरली, कॅटचं अर्ध्याहून जास्त आयुष्य संपवलं आणि नवी घेतली. दुसऱ्याने उरलेलं संपवलं. बिल आलं तिसऱ्याच्या हातात, तेही एमएच-४८ पासिंगच्या गावात. स्वच्छ हवेचा फायदा सगळ्यांना आणि खर्च साखळीतल्या सर्वात कमी पैशाच्या माणसाला, ही रचना अन्यायाचीच आहे. पण अन्याय आपल्यावर झाला म्हणून तो मागच्या रिक्षावाल्याकडे ढकलता येत नाही. तो तर साखळीत नव्हताच.

मग पीयूसी कशाला आहे? दंड तर मोठा आहे: प्रदूषणाचे निकष मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार दहा हजार रुपयांपर्यंत. पण पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडं मोजतच नाहीत. गाडी न बघता छापून मिळणारी सर्टिफिकेटं कुणाला नवीन नाहीत. कागद हातात आला की मन शांत होतं, एवढाच त्याचा उपयोग उरतो.

नालासोपारा म्हणजे जुनं शूर्पारक, सोपारा बंदर. इथे १८८२मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६मध्ये जवळच्या भुईगावात नवव्याचा. नववा लेख विधींबद्दल आहे. आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक तऱ्हेतऱ्हेचे मंगलविधी करतात. करावेत, पण त्यांचं फळ थोडं, असं त्यात म्हटलंय. मोठं फळ नोकराचाकरांशी नीट वागण्याचं, प्राणिमात्रांबाबत संयमाचं. सव्वादोन हजार वर्षांनी त्याच गावात आपण गाडीला लिंबू-मिरची बांधतो, खिशात पीयूसी ठेवतो, आणि डबा पोकळ करून घेतो. लिंबू-मिरचीबद्दल माझी तक्रार नाही.

म्हणून ‘नवा कॅट की पोकळ डबा’ हा प्रश्नच मुळात अपुरा वाटतो. मध्ये बरंच काही आहे, आणि ते गॅरेजमध्ये कुणी आपणहून सांगत नाही.

पी-०४२० आला म्हणजे कॅट मेलाच असं नाही. मागचा ऑक्सिजन सेन्सर खराब असू शकतो, किंवा सायलेन्सरचा पाईप कुठेतरी गळत असतो. आधी ते तपासून घ्यायचं. कॅट खरोखर गेला असेल, तर तो का गेला हे विचारायचं. खराब प्लग किंवा कॉइलमुळे न जळलेलं इंधन जाळीत जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. सीएनजी किटचं ट्यूनिंग बिघडलं तरी तेच होऊ शकतं. इंजिन ऑइल खात असेल तर त्याची राख जाळीवर बसते. काही शे रुपयांचा प्लग वेळेवर बदलला नाही म्हणून हजारोंचा कॅट जातो, आणि कारण तसंच ठेवून नवा बसवला तर तोही जातो. आणि आपल्याकडचं खास कारण: जुलैत आचोळे रोडवर गुडघाभर पाणी असताना तापलेली गाडी त्यात घातली, की चिनीमातीला तडा जाऊ शकतो. रबरी हातोडीने डब्यावर टकटक केल्यावर आत खुळखुळ वाजलं तर जाळी फुटलेली आहे. मग बाटलीतलं क्लीनर ओतून उपयोग नाही.

बदलायचाच असेल तर दुसऱ्या कंपन्यांचे कॅट कंपनीच्या किमतीपेक्षा बरेच स्वस्त मिळतात. जुना डबा कापून त्या जागी वेल्ड करता येतात. गाडी बीएस-४ आहे की बीएस-६ आणि इंजिन किती सीसीचं, त्याप्रमाणेच घ्यायचा, वॉरंटी लिहून घ्यायची, आणि बसवल्यावर आठवडाभराने पुन्हा स्कॅन करायचा. तो कंपनीच्या कॅटइतका टिकणार नाही कदाचित. पोकळ डब्यापेक्षा मात्र कितीतरी बरा. कुर्ल्याला जाऊन भंगारात निघालेल्या गाडीचा जुना कॅट शोधणारेही आहेत. तिथे तो कुणाच्या गाडीखालून आला हे विचारायला विसरू नका.

आणि तुमचा जुना डबा. २०२१च्या मार्चमध्ये रोडियमचा भाव एका औंसाला पंचवीस हजार डॉलरच्या वर गेला होता. तेव्हापासून तो खूप उतरला, तरी त्या मेलेल्या जाळीतला धातू विकला जातो आणि भंगारवाले तिचे पैसे देतात. ‘फुकट’ काम करून देणाऱ्या मेकॅनिकला हे माहीत असतं. तोही पोटासाठीच करतो, पण तो माल तुमचा आहे. नव्याचं बिल करताना जुन्याची किंमत वजा करा म्हणायचं. नाही म्हणाला तर डबा परत मागायचा आणि पुढच्या गॅरेजात विचारायचं.