शिक्षा भोगली, म्हणजे फिटलं?

२ जुलै २०१०. संध्याकाळी नेदरलँड्सनं ब्राझीलला २-१ असं हरवलं आणि कोल्हापुरात आमच्या गल्लीत पिवळ्या पताकांखाली सुतक पसरलं. झोप कुणालाच येणार नव्हती. म्हणून मध्यरात्री आम्ही चौघं पुन्हा टीव्हीसमोर बसलो. घाना विरुद्ध उरुग्वे, उपांत्यपूर्व फेरी. दोन्ही संघांशी आमचं काही देणंघेणं नव्हतं. त्या रात्री सुरू झालेला वाद मात्र अजून मिटलेला नाही.

१-१ अशा बरोबरीत जादा वेळही संपत आली होती. शेवटच्या क्षणी घानाच्या अदियियाहचा हेडर थेट गोलात चालला होता. गोलरक्षक मागे नव्हता. रेषेवर उभ्या लुईस सुआरेझनं दोन्ही हातांनी चेंडू ढकलला. रेड कार्ड, पेनल्टी. असामोआ ग्यानचा फटका आडव्या दांड्यावर आपटून वर गेला. बाहेर पडता पडता थांबलेला सुआरेझ बोगद्याच्या तोंडाशी नाचला. पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये उरुग्वे ४-२ असं जिंकलं. तोवर कुठलाही आफ्रिकी संघ विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोचला नव्हता. घानाचा मान दोन तळहातांच्या अंतरावरून गेला.

"चीटिंग आहे ही," एक मित्र म्हणाला.

"कसली चीटिंग?" दादा उसळला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, तालमीच्या संघाकडून खेळलेला. "लपवून केलं काय त्यानं? हात लावला, रेड खाल्लं, पेनल्टी दिली, पुढची मॅच बसणार. आणि काय जीव घेता त्याचा? आपल्या पोरानं असं केलं असतं तर खांद्यावरनं मिरवला असता तुम्ही."

मी दादाच्या बाजूनं होतो. नियमात गुन्हा लिहिला आहे, शिक्षा लिहिली आहे, त्यानं ती भोगली. व्यवहार पुरा. शिवाय दादाचं शेवटचं वाक्य खरं होतं. आम्ही मिरवलाच असता.

पुढची बरीच वर्षं आमचा वाद शिक्षेच्या आकड्याभोवती फिरत राहिला. एक सामना की तीन? फुटबॉलच्या इतिहासात या वादाला खाद्य भरपूर आहे. १९६२च्या उपांत्य सामन्यात गारिंशाला मैदानाबाहेर काढलं होतं, तरी ब्राझीलकडून तो अंतिम सामना खेळला. १९९८मध्ये फ्रान्सचा लोराँ ब्लाँ उपांत्य सामन्यात रेड कार्ड घेऊन गेला. त्यानं ढकललेला क्रोएशियाचा बिलिच लागलं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त कळवळून पडला होता. ब्लाँ मायदेशातल्या अंतिम सामन्याला मुकला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आम्ही एकमतानं ठरवलं. २००२मध्ये जर्मनीच्या बालाकनं उपांत्य सामन्यात कोरियाची चढाई फाउल करून रोखली, पिवळं कार्ड घेतलं, अंतिम सामना हुकणार हे ठरलं, आणि चारच मिनिटांनी त्यानंच विजयी गोल मारला. पुढे २०१०पासून उपांत्यपूर्व फेरीनंतर आधीचं एकटं पिवळं कार्ड पुसून टाकायचं ठरलं, ते अशीच पाळी टाळायला. आणि २०२५च्या नोव्हेंबरात आयर्लंडविरुद्ध कोपर मारल्याबद्दल रोनाल्डोवर तीन सामन्यांची बंदी आली. त्यातले दोन वर्षभरासाठी स्थगित ठेवल्यामुळे विश्वचषकातले पहिले सामने खेळायची त्याची वाट मोकळी झाली. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर रात्री दोनपर्यंत शिव्या चालल्या होत्या.

पण हे आकडे मोजता मोजता एक साधी गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. सुआरेझच्या बंदीचा फायदा कुणाला झाला? नेदरलँड्सला. त्याच्याशिवाय खेळलेल्या उरुग्वेला त्यांनी उपांत्य सामन्यात ३-२ असं हरवलं. नुकसान घानाचं, वसुली नेदरलँड्सच्या पदरात. आणि घानाला काय मिळालं? मिनिटभरही न पुरणारा दहा जणांचा प्रतिस्पर्धी, आणि हातातल्या गोलाच्या बदल्यात गोलाची एक संधी. रग्बीत असा होऊ घातलेला 'ट्राय' मुद्दाम अडवला, तर पंच तो सरळ बहाल करू शकतात. फुटबॉलच्या पंचाला गोल बहाल करता येत नाही.

आपल्या भाषेत यासाठी तीन वेगळे शब्द आहेत आणि आपण ते सर्रास एकात कालवतो. शिक्षा ही नियम मोडल्याबद्दल नियम राखणाऱ्याला द्यायची. भरपाई ज्याचं गेलं त्याला द्यायची. आणि प्रायश्चित्त आपलं आपण घ्यायचं. सामन्याची बंदी ही निव्वळ शिक्षा आहे. ती भोगली की 'फिफा'चं खातं पूर्ण बंद होतं. उरलेल्या दोन खात्यांना तिचा स्पर्शही होत नाही. "मी शिक्षा भोगली, आता काय?" हे वाक्य 'फिफा'ला ऐकवायला ठीक आहे. घानाला ऐकवायचं म्हणजे एकाचे पैसे दुसऱ्याला देऊन पहिल्याकडे पावती मागणं.

हे मला पुस्तक वाचून कळलेलं नाही. कॉलेजात मी बचावफळीत खेळायचो. एका सामन्यात, १-० असे पुढे असताना, मीही रेषेवर हात घातला. विचार करून नाही; चेंडू दिसला, हात गेला. मला बाहेर काढलं. समोरच्या संघातल्या एका सडपातळ पोरानं पेनल्टी घेतली आणि बाहेर मारली. आम्ही जिंकलो. पुढचा सामना मी बसून पाहिला आणि तो आम्ही दुसऱ्याच कॉलेजविरुद्ध हरलो. माझं फिटलं, असं मी मानलं. काही वर्षांनी एका लग्नात तो भेटला. त्याचे मित्र त्याला 'पेनल्टी' म्हणून हाका मारत होते. माझ्या हाताबद्दल तिथं कुणाला काही आठवत नव्हतं, त्यालासुद्धा नसावं. त्यानं हसून मला जिलबी वाढली. मी कोण, हे मी सांगितलं नाही.

ग्यानचंही तेच झालं. विश्वचषकात सर्वाधिक, सहा गोल करणारा हा आफ्रिकी खेळाडू. त्या रात्री शूटआउटमधली घानाची पहिली पेनल्टी त्यानंच घेतली आणि घातलीही. पण लोकांना त्याचा आठवतो तो दांडा. हात लावणारा हुशार ठरला आणि ज्याच्यावर भरपाई वसूल करायची पाळी आली, तो गुन्हेगार.

२०२२मध्ये कतारला हेच दोन संघ पुन्हा समोर आले. आदल्या दिवशी सुआरेझला माफीबद्दल विचारलं गेलं. माफी मागणार नाही, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. पेनल्टी आपण चुकवलेली नाही, कुणाला जखमी केलं असतं तर माफी मागितली असती, असा त्याचा युक्तिवाद. दादानं तो लगेच ग्रुपवर टाकला: "बघ, पोरगा मुद्द्याचं बोलतोय."

दादाच्या मुद्द्यातलं निम्मं मी आजही मानतो. रेषेवर हात जाणं हे क्षणाचं काम आहे, त्याचा न्याय करायचा मला अधिकार नाही. माझा स्वतःचा हात गेलेला आहे. पण नंतरची बारा वर्षं हा क्षण नव्हे. तेवढ्या वेळात 'तुमचं जे गेलं ते माझ्यामुळे गेलं' एवढं म्हणता येतं. त्यासाठी नियम चुकीचा होता असं म्हणावं लागत नाही, आणि पदकही परत करावं लागत नाही.

त्या सामन्यात घाना पुन्हा पेनल्टी हुकलं आणि ०-२ हरलं. पण तिकडे कोरियानं पोर्तुगालला हरवलं आणि एकूण केलेल्या गोलांच्या हिशोबात उरुग्वेही बाहेर पडलं. बाकावर बसलेला सुआरेझ रडत होता, आणि स्वतः बाहेर पडलेले घानाचे चाहते आनंदानं नाचत होते. खुनशीपणा म्हणा हवं तर. मला ते वसुली न झालेल्या लोकांचं हसू वाटलं.

दादाला मी लग्नातली गोष्ट अजून सांगितलेली नाही. 'पेनल्टी'चा नंबर माझ्याकडे आहे. पुढचा विश्वचषक येईल, आम्ही पुन्हा भांडू, आणि मी पुन्हा सुआरेझनं काय करायला हवं होतं ते तावातावानं सांगेन. नंबर आहे तिथंच असेल.