वारा कुणाच्या मालकीचा?

विसरवाडीहून साक्रीकडे जाताना कोंडाईबारीचा घाट ओलांडला, की पुढे ब्राह्मणवेलच्या बाजूला डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्यांच्या रांगा दिसू लागतात. गेली वीसेक वर्षे त्या आपल्या ओळखीच्या आहेत. त्यांच्यासाठी वनजमीन देण्यावरून साक्री तालुक्यात झालेला वादही आपण विसरलेलो नाही.

आता याहून कितीतरी मोठ्या पवनचक्क्या समुद्रात उभारायच्या आणि त्यांच्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन काढायचा, असा प्रयत्न जगात चालू आहे. फ्रान्सच्या समुद्रात, तरंगत्या फलाटावर, 2023 साली असा हायड्रोजन प्रत्यक्ष काढून झाला. आपल्या केंद्र सरकारने जून 2024 मध्ये गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी 500 मेगावॉटच्या पवन प्रकल्पांसाठी 7,453 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. कागदावरून पाण्यात उतरायला तिला वेळ लागणार, हे उघड आहे.

आपण डोंगरातली माणसे, आपल्याला समुद्राचे काय, असे कुणी म्हणेल. पण आपली रंगावली उकाईच्या जलाशयातून, तापीतून, शेवटी सुरतेजवळ समुद्रालाच मिळते. आपली माणसे ऊसतोडीला त्याच मुलखात जातात. आणि हायड्रोजन तर आपल्या घरात केव्हाच येऊन बसला आहे, युरियाच्या गोणीतून. युरियाला अमोनिया लागतो, अमोनियाला हायड्रोजन. हजिऱ्याच्या खत कारखान्यात तो नैसर्गिक वायूपासून काढतात. त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी बराचसा युरियात अडकतो खरा, पण खत शेतात पडले की तोही पुन्हा हवेत जातो.

वाऱ्याच्या विजेवर हे काम करायचे तर एक किलो हायड्रोजनला साधारण 50 ते 55 युनिट वीज लागते. हाती येणाऱ्या हायड्रोजनमध्ये ऊर्जा असते ती सुमारे 33 युनिटांची. म्हणजे निदान तिसरा हिस्सा वाटेतच जातो. विहिरीवरचा पंप चालू करायला ज्याला रात्री उठावे लागते, त्या शेतकऱ्याला ही उधळपट्टी वाटली तर त्याचे काय चुकले? आम्हाला त्याचे म्हणणे अर्धे पटते. जिथे वीज सरळ वापरता येते, तिथे आधी हायड्रोजन करून मग तो जाळणे शहाणपणाचे नाही. पण खताला हायड्रोजनच लागतो, आणि कोळशाशिवाय पोलाद करायचे तर त्यालाही तो हवा. तेवढ्यासाठी हा खर्च रास्त आहे.

पाण्याचाही हिशेब पाहू. किलोमागे किमान 9 लिटर शुद्ध पाणी लागते. जानेवारी 2023 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेचे लक्ष्य 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचे आहे. त्याला दीड टीएमसीहून जास्त पाणी हवे, तेही नुसते विघटनासाठी. कारखाने नदीकाठी आले तर ते पाणी कुणाच्या तरी शेतातून जाईल. समुद्रात खारे पाणी शुद्ध करून वापरता येते. समुद्राच्या बाजूने आम्हाला हा मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो. शिवाय तिथे गाव बुडत नाही. 1972 साली पूर्ण झालेल्या उकाईच्या पाण्याखाली ज्यांची घरे गेली, त्यांच्या नातवंडांना याचे मोल सांगावे लागत नाही.

मात्र समुद्र रिकामा आहे, हे म्हणणे आम्हाला मान्य नाही. डोंगरही असेच ‘पडीक’ म्हटले गेले होते. जिथे खांब रोवले जातील आणि केबल टाकली जाईल, तिथे कुणाची तरी जाळी पडत असतात. हवामान हे सर्वांचे सामायिक धन आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या पत्रात म्हटले. वाराही त्यातच आला. पण जे सर्वांचे, ते पहिल्यांदा पोहोचणाऱ्याचे, असाच अर्थ व्यवहारात निघतो.

यावर उपाय शोधले गेले आहेत. डेन्मार्कमध्ये 2009 ते 2020 या काळात नव्या पवनचक्कीतील किमान 20 टक्के वाटा जवळच्या रहिवाशांना विकत घेण्यासाठी देऊ करणे बंधनकारक होते. चांगला कायदा, पण वाटा विकत घ्यायला आधी गाठीशी पैसा हवा. मजुरी करणाऱ्याला त्याचा उपयोग काय? त्यापेक्षा आपल्याकडचा खनिजांचा कायदा जवळचा वाटतो. 2015 पासून खाणीवाल्यांना जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पैसे भरावे लागतात आणि ते बाधित गावांसाठी वापरायचे असतात. यावर कुणी म्हणेल, खनिज संपते, वारा संपत नाही, मग भरपाई कसली? वारा संपत नाही, पण खांबाखालची जमीन आणि खांबाभोवतीची मासेमारीची जागा जाते, आणि ती एका कुणाची तरी असते.

आपल्या अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी वा पंचायतीशी सल्लामसलत करावी, असे 1996 चा पेसा कायदा सांगतो. तो किती पाळला जातो, हे इथे लिहायला नको. समुद्राला तर ग्रामसभाच नाही. तिथे हा अधिकार किनाऱ्यावरच्या मच्छीमार सहकारी संस्थांना मिळावा, असे आमचे मत आहे; आणि तो निविदा निघण्याआधी मिळावा, खांब रोवून झाल्यावर नव्हे.